पास झाला, पण वाचता येते का?

दहावीचा निकाल लागला की आमच्या वस्त्यांमधून पेढे वाटले जातात. चौकात फलक लागतात. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली गुणवंतांचे फोटो आणि त्यांची टक्केवारी. विहारात सत्कार होतात. हे सर्व व्हायलाच हवे. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले गेले नाही, त्या समाजाने आपल्या लेकरांच्या यशाचा सोहळा करणे हा त्याचा हक्कच आहे. पण त्याच सत्काराच्या व्यासपीठावर उभ्या असलेल्या मुलाच्या हाती एक इंग्रजी वर्तमानपत्र दिले आणि 'चार ओळी वाच, अर्थ मराठीत सांग' असे म्हटले, तर किती मुले सांगू शकतील? सवाल कडू आहे. मुलांना कमी लेखण्यासाठी तो आम्ही विचारीत नाही. गुणपत्रिकेवर इंग्रजी या विषयासमोर जो आकडा छापलेला असतो, तो खरे बोलतो की खोटे, एवढेच आम्हाला तपासायचे आहे.

कारण या आकड्यावर विसंबून गरिबाघरचा बाप मुलाला अकरावी सायन्सला घालतो. आई चार घरची धुणीभांडी करून क्लासची फी भरते. आणि पहिल्या सहामाहीतच मुलगा सांगतो, 'सर काय बोलतात ते समजत नाही, पुस्तक वाचवत नाही.' मग तो कला शाखेत येतो, नाहीतर शिक्षणच सोडतो. लोक म्हणतात, पोराला झेपले नाही. आम्ही म्हणतो, पोराला फसवले गेले. त्याला वाचता येत नव्हते हे शाळेला ठाऊक होते, पण त्याला आणि त्याच्या आईबापांना कोणी सांगितले नाही.

वीस गुणांची करामत

आपल्या राज्यातल्या दहावीच्या निकालाकडे जरा मागे वळून पाहा. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. मार्च २०१९ च्या परीक्षेपासून भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० तोंडी गुण बंद झाले आणि पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा आली. निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर घसरला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, म्हणून सगळा दोष एकट्या तोंडी गुणांच्या माथी मारता येणार नाही. पण ओरड झाली ती याच गुणांसाठी. इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमची मुले मागे पडतील, अशी तक्रार झाली. ती खोटी नव्हती. सरकारने त्याच वर्षी ते २० गुण परत दिले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले, हेही लक्षात घ्यावे. २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही, शाळांच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के.

आता विचार करा. २०१८ ची मुले हुशार, २०१९ ची एकदम ढ आणि २०२० ची पुन्हा हुशार, असे कुठे होते काय? मुले तीच, शिक्षक तेच, गावेही तीच. बदलला तो मोजण्याचा गज. कापड तेच राहून गज आखूड-लांब होत असेल, तर दुकानदाराला जाब विचारायचा की कापडाला?

हिशेब साधा आहे. उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ३५ लागतात. तोंडीचे २० पैकी १८ शाळेने दिले, की लेखीच्या ८० पैकी १७ पुरतात. आणि ते १७ गुण इंग्रजीचे एक वाक्य स्वतःच्या मनाने न लिहिताही मिळवता येतात. कसे, ते पुढे पाहू.

उतारा न समजता उत्तर बरोबर

दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी तृतीय भाषा म्हणून असते. तिच्या प्रश्नपत्रिकेत व्याकरण असते, पुस्तकातले उतारे, कविता, एक पुस्तकाबाहेरचा उतारा व त्याचा सारांश, पत्र, संवाद, तक्त्यावरून लेखन आणि शेवटी थोडे भाषांतर असते. कागदावर पाहिले तर बरी परीक्षा आहे. दोष आहे तो मुले ती कशी सोडवतात आणि गुण कशाला मिळतात यात.

आम्ही एक वाक्य घेऊ, ज्याला काहीही अर्थ नाही. 'द झिपू टिमल्ड द लोटक.' आता प्रश्न विचारू, 'हू टिमल्ड द लोटक?' वाचकहो, उत्तर तुम्हीही बरोबर द्याल: 'द झिपू.' झिपू म्हणजे काय, टिमल्ड म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक नाही. आम्हालाही नाही. तरीही दोन पैकी दोन गुण! आमची हजारो मुले पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचे प्रश्न याच पद्धतीने सोडवतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, सापडला की ते वाक्य जसेच्या तसे उतरवून काढायचे. क्लासवाले हीच युक्ती शिकवतात. यात मुलाचा गुन्हा नाही. त्याच्यापुढे जो दरवाजा उघडा ठेवला, त्यातून तो गेला.

कवितेच्या रसग्रहणाचे तेच. कवितेचे नाव, कवीचे नाव, यमकाची रचना, अलंकार, विषय असे मुद्दे ठरलेले. सगळ्या कवितांची उत्तरे गाईडात तयार. मुलगा पाठ करतो, लिहितो, गुण मिळवतो. त्या कवितेतले दुःख त्याच्यापर्यंत पोचले की नाही, हे विचारणारा प्रश्नच नाही. पत्राचेही तसेच. उजवीकडे पत्ता, खाली तारीख, 'रिस्पेक्टेड सर', शेवटी 'युवर्स फेथफुली'. चौकट पाठ, मजकूर पाठ. विषय थोडा बदलला की पेन थांबते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, वाचन तपासायचे तर लेखनापासून वेगळे तपासा. मुलाला न पाहिलेला उतारा द्या, त्याला तो मनातल्या मनात वाचू द्या, आणि उतारा बाजूला ठेवून 'यात काय घडले ते तुझ्या मराठीत सांग' म्हणा. इंग्रजी वाचन तपासताना उत्तर मराठीत घेण्यात कसला कमीपणा? वाचलेले कळले की नाही, ते मुलाच्या स्वतःच्या भाषेत जितके स्वच्छ कळते तितके दुसऱ्या कशानेही कळत नाही. त्यानंतर एक प्रश्न असा विचारा, ज्याचे उत्तर उताऱ्यात छापलेले नाही, पण समजले असेल तर देता येते. 'तो माणूस असे का वागला असेल?' येथे झिपूची युक्ती चालत नाही.

आकडे काय सांगतात

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने निघणाऱ्या 'असर' अहवालाने २०२३ साली ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची तपासणी केली. २६ राज्यांतले २८ जिल्हे, सुमारे ३४ हजार ७०० मुले-मुली. त्यांच्यापुढे इंग्रजीची सोपी वाक्ये ठेवली. ती वाचू शकणारी मुले निघाली ५७.३ टक्के. म्हणजे हायस्कूल-कॉलेजच्या वयाच्या शंभरातल्या त्रेचाळीस जणांना साधे इंग्रजी वाक्य वाचता आले नाही. जी वाचू शकली, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनाच अर्थ सांगता आला. हिशेब केला तर शंभरातली बेचाळीस मुले वाचून समजू शकली. याच अहवालाने हेही दाखवले की सुमारे पंचवीस टक्के मुलांना त्यांच्या स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता येत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्या आधी ते पाचवीपासून होते. म्हणजे आजचा दहावीचा विद्यार्थी दहा वर्षे इंग्रजी शिकून परीक्षेला बसतो. दहा वर्षांत एखाद्या भाषेचे साधे वाक्य वाचता न येणे हे मुलाच्या डोक्याचे लक्षण नाही, दहा वर्षे कोणी त्याला नीट तपासलेच नाही याचे लक्षण आहे. ताप आहे की नाही हे न पाहता दहा वर्षे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली आला. आठवीपर्यंत कोणाला नापास करू नये, हे त्याचे कलम आमच्या मुलांच्या हिताचे होते. नापासाचा शिक्का बसून शाळा सोडणाऱ्यांत सर्वाधिक मुले आमचीच होती. पण 'नापास करू नका' याचा अर्थ शाळांनी 'तपासू नका' असा लावला. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक आणि संकलित असे त्याचे दोन भाग. आकारिक मूल्यमापनाचा हेतू होता की, शिक्षकाने वर्षभर मुलाकडे पाहावे, कुठे अडले ते टिपावे आणि लगेच दुरुस्त करावे. प्रत्यक्षात काय झाले? नोंदवह्या भरल्या गेल्या. वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तके बाजारात आली. 'इंग्रजी शब्दांचे उच्चार स्पष्ट करतो' अशी नोंद सबंध वर्गाच्या नावापुढे उतरली. २०१९ साली कायदा बदलून पाचवी-आठवीत मुलाला पुन्हा मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली गेली. म्हणजे व्यवस्थेने मुलाला शिकवले नाही, तपासलेही नाही, आणि आता शिक्षाही मुलालाच!

तोंडी गुण आणि आडनाव

बोर्डाच्या लेखी पेपरवर मुलाचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षकाला ते लेकरू कोणत्या आळीतले हे कळत नाही. याचे मोल आमच्याइतके कोणाला कळणार? पण तोंडी परीक्षेत मुलगा समोर उभा असतो. त्याचे आडनाव, त्याचा बाप, त्याची वस्ती, त्याचे कपडे, त्याच्या बोलीतले उच्चार, सगळे समोर. आज बहुतेक शाळा निकाल फुगवण्यासाठी सर्वांनाच सढळ गुण देतात, म्हणून ही बाब झाकली जाते. परंतु जेथे गुण देण्याला लेखी निकष नाही, तेथे देणाऱ्याची मर्जी चालते. मर्जीवर जगण्याची सवय आम्ही १९५६ साली सोडली.

तोंडी परीक्षा रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही. वाचन आणि बोलणे तोंडीच तपासावे लागते. आमची मागणी अशी की, तिचे निकष आधी जाहीर करा. कोणता उतारा वाचायला दिला, मुलाने किती वाचले, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले, याची नोंद ठेवा. बाहेरच्या शाळेचा शिक्षक तपासायला बसवा. उच्चाराला गुण आणि समजण्याला गुण वेगळे ठेवा. 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणणाऱ्या मुलाला उतारा पूर्ण कळला असेल, आणि झोकदार उच्चार करणाऱ्याला काहीच कळले नसेल, हे नेहमी घडते.

लेखनाचेही तसेच. निबंधाला दहापैकी पाच दिले, याचा अर्थ काय? मुलाला काय जमते नि काय जमत नाही, ते पाच या आकड्यावरून कळत नाही. परदेशी विद्यापीठांत जाण्यासाठी आमच्या मुलांना 'आयईएलटीएस' नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्या लेखनाच्या तपासणीत चार गोष्टी वेगवेगळ्या पाहतात: जे विचारले ते सांगितले का, मुद्दे एकामागून एक नीट लागले का, शब्द किती आणि कसे वापरले, वाक्यरचना व व्याकरण कसे आहे. आपल्या हायस्कुलात ही चार घरे आखायला पैसा लागत नाही, एक पट्टी आणि पेन्सिल लागते. मग मुलाला सांगता येते, 'तुझा मुद्दा चांगला आहे, भूतकाळाची क्रियापदे चुकतात.' लाल शाईने भरलेला कागद परत करण्यापेक्षा हे एक वाक्य अधिक शिकवते. आणि एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी स्वतंत्र तपासावी. एकाने तीन दिले नि दुसऱ्याने सात, तर दोष तपासणीत आहे हे ओळखावे.

त्याच परीक्षेत वाचनासाठी ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात आणि लेखनासाठी ६० मिनिटांत दोन तुकडे, एक किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा. सगळे न पाहिलेले. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती कागदावर असून उपयोग काय, जर तिच्या दारातली पहिली पायरी चढायला आमच्या मुलाला पंधराव्या वर्षापासून कोणी तयार केलेच नाही?

सुभेदार रामजींची पद्धत

सावित्रीमाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी शिका, असे सांगणाऱ्या कविता त्यात आहेत. जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची कैफियत मांडली. या वारशातच सुभेदार रामजी आंबेडकर उभे आहेत. त्यांनी लहानग्या भीमरावाकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. भाषांतर ही वाचनाची कसोटी आहे, हे त्या लष्करी शाळेच्या मुख्याध्यापकाला पक्के ठाऊक होते. अर्थ कळल्याशिवाय भाषांतर होत नाही. आजच्या प्रश्नपत्रिकेत भाषांतर शेवटी, मोजक्या गुणांसाठी उरले आहे, आणि त्यातही पर्याय इतके की सुटे शब्द लिहूनही काम भागते.

धनंजय कीर यांनी चरित्रात नोंदवले आहे की, १९०७ च्या मॅट्रिकला भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. आजच्या फलकावर हा आकडा लागला नसता. पण त्याच विद्यार्थ्याने १९१३ साली कोलंबिया गाठले आणि १९२३ साली लंडनमध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गुण कमी होते, वाचन पक्के होते. आज आमच्या किती घरांत याच्या उलटे आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

२०१० साली उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात, बांका गावी, इंग्रजी देवीचे मंदिर उभारण्याचा घाट घातला गेला. त्यामागची तळमळ आम्हाला समजते. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला आणखी एक देवी कशाला हवी? इंग्रजीला हात जोडून ती येत नाही. ती रोज एक पान वाचून आणि कोणीतरी ते पान तपासून येते.

काही विद्वान विचारतील, इंग्रजीचे एवढे स्तोम कशाला, मायमराठीचे काय? त्यांना आमचा एकच प्रतिप्रश्न आहे: तुमची नातवंडे कोणत्या शाळेत आहेत? मराठीशी आमचे वैर नाही. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' मराठीतच निघाले. ज्या मुलाला मराठी सलग वाचता येत नाही, त्याला इंग्रजीही येणार नाही, म्हणून दोन्ही भाषांचे वाचन तपासा, असेच आम्ही म्हणतो.

सरकारची वाट पाहू नका

सरकारकडे आमची मागणी स्पष्ट आहे. आठवीत पाऊल ठेवताच प्रत्येक मुलाचे वाचन-लेखन तपासा. त्यावर पास-नापास ठरवू नका, तुकड्या पाडू नका, 'ढ' वर्ग काढू नका. जो अडला त्याला शाळेच्या वेळेतच जादा तास द्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. निकाल पालकाला त्याच्या भाषेत सांगा: 'तुमची मुलगी शब्द वाचते, वाक्य अजून वाचत नाही.' निरक्षर आईलाही हे कळते. 'ब-२ श्रेणी' कोणालाच कळत नाही.

पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? वस्तीवस्तीत विहार आहे, अभ्यासिका आहे, नोकरदार तरुण आहेत. जुलैतल्या एका रविवारी आठवी ते दहावीची मुले बसवा. एक पान न पाहिलेला इंग्रजी मजकूर द्या. कागदावर नावाऐवजी क्रमांक टाका. वाचलेले मराठीत सांगायला लावा. मग आयत्या वेळी सांगितलेल्या विषयावर दहा ओळी लिहायला सांगा. 'शिष्यवृत्ती मिळाली नाही, मुख्याध्यापकांना अर्ज लिही', यासारखा खराखुरा विषय द्या. चार घरांत गुण लिहा. कोणाचाही निकाल माइकवरून वाचू नका. मुलाला आणि आईबापांना बाजूला घेऊन सांगा. डिसेंबरात तीच परीक्षा नव्या उताऱ्यावर घ्या. ज्याचे एक घर सुधारले, त्याचाही सत्कार करा.

आणि शाळेत जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार अनुदानित आणि सरकारी प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, वंचित घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणात जागा आहे. त्या खुर्चीवर बसा आणि आठवीच्या मुलांच्या वह्या मागा. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. दहावीच्या निकालानंतर छायांकित प्रतीसाठी अर्ज करता येतो. गुण वाढवण्यासाठीच ती मागावी असे नाही. मुलाने काय लिहिले आणि त्याला कशाचे गुण मिळाले, हे घरात बसून एकदा पाहा. अकरावीचा फॉर्म भरण्यापूर्वी पाहा.

पेढे वाटा, फलकही लावा. फक्त फलकावरची टक्केवारी आणि मुलाच्या डोळ्यांपुढचे पान यांचा मेळ बसतो का, तेवढे आधी तपासून घ्या. मंडळाचा निकाल वर्षातून एकदा लागतो. ही तपासणी कोणत्याही रविवारी करता येते.

जयभीम!